शेरा

कुडचड्याला स्टेशनामागे इनास बाबचं दुकान.
बाहेर मोबाइलची कव्हरं,
आत चपलांच्या खोक्यांतून कॅसेटी,
पाठीवरची निळी नावं पुसट.
मी छापील तक्ता घेऊन गेले :
गायक, वर्ष, विषय, श्रोतावर्ग, शेरा.
तक्ता मराठीत, प्रश्न कोंकणीत,
प्रबंध इंग्रजीत.
तिन्ही भाषांत मी जराजराशी चुकते.

"विषय?" तो हसला. "बरय बाये.
सासू. सोरो. कुवेतचा व्हिसा.
भाटकाराची धूव. परत सोरो.
मिनिस्टराचं पोट."
मी लिहीत गेले.
"आणि चाल?"
"चाल हिंदीतली उचललेली, शब्द आमचे,
तबलजी देवळातला,
पैसे घातले खाणीवरच्या कंत्राटदारानं.
आतां सांग, हें क्रिस्तांवांचें काय हिंदूंचें?"
माझ्या तक्त्यात दोन चौकोन होते.
पेन्सिल उलटी धरून
मी मधली रेघ खोडली.

मग त्यानं प्लेअरचं झाकण काढलं,
काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटात बुडवला,
हेडवरून फिरवला.
कापूस लाल.
खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी.
"रस्त्यावयल्यान जें गेलें, तें टेपींत बसलें,"
इनास म्हणाला आणि नवा कापूस घेतला.
तो लाल बोळा मी वहीत ठेवलाय.
संदर्भसूचीत त्याला कुठं लावायचं, ठाऊक नाही.

सातव्या खोक्यात एका कॅसेटीला चिठ्ठी : दुलबो वेळीप.
दुरुस्तीला दिली, न्यायला आलाच नाही.
वरच्या कडेचे दोन्ही दात मोडलेले
आणि त्यांवर चिकटपट्टी.
म्हणजे घरी कुणीतरी काहीतरी भरलंय.
लावली.
ट्रम्पेट,
मग नवराबायकोचं ठेक्यातलं भांडण,
आणि ऐन कडव्यात
कुकरची शिटी,
मागं येणाऱ्या ट्रकची पीं पीं,
एक मुलगी सातचा पाढा म्हणते,
साती साती-ला अडते, पुन्हा साती सक-पासून धावत येते,
कुणीतरी ओरडतं, "अगो, बटण दामलें मगे तुवें!"
चाळीस सेकंद.
मग गाणं परत,
जणू मधल्या वेळात पाणी प्यायला गेलं होतं.

सर म्हणाले, व्यत्यय आहे, काढून टाक.
मी नाही काढलं.
मला वाटलं, सापडलं!
समाज असतो तो इथंच,
गाण्याला पडलेल्या या भोकात.
त्यावर बावीस पानं लिहिली.
तळटिपा वेगळ्या.

कॅसेट परत करायला केप्याच्या आतल्या वाड्यावर गेले.
अंगणात ट्रक,
बॉनेटवर दुधीचा वेल, एक दुधी थेट वायपरला लोंबलेला.
दुलबोनं कॅसेट लगेच ओळखली,
शर्टाला पुसली.
मी म्हटलं, तुमच्या मुलीचा आवाज आहे यात, लहानपणचा.
म्हटलं आणि वही उघडून बसले.
"आसूं," तो म्हणाला.
"तिचा फोन येतो ना रोज, वेर्ण्याच्या फॅक्टरीतून.
कान खाता."
आणि बटण दाबून
सातचा पाढा सगळाच्या सगळा
भुर्रकन पळवला.

गाणं आलं.
त्यानं आवाज मोठा केला.
डोळे मिटले वगैरे नाहीत,
समोर बघत राहिला, उतारावर बघतात तसा.
"ही बाजू सोंपली की सावर्ड्याचा धक्का," एवढंच बोलला.
मी विचारलं, यातलं काय आवडतं तुम्हाला?
ऐकू गेलं नसावं.
ट्रम्पेटच्या आधी,
अगदी एक मात्रा आधी,
त्याचा डावा हात गुडघ्याजवळून उठला
आणि हवेत
तिसरा गिअर टाकला.